डबल अर्थिंग

बुटीबोरीच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं इलेक्ट्रिशियन आहे, आणि विजेतलं मला कोणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून टाकतो, पुढचं समजायला सोपं जाईल.

गेल्या वर्षी आम्ही एक जुनी गाडी घेतली. बायकोही तिकडेच, कपड्यांच्या कारखान्यात माल तपासते. त्यामुळे जाता-येता पाऊण पाऊण तास आम्ही बरोबर असतो. गाडीतला टेप मी स्वतः बसवला, डिकीत ॲम्प्लिफायर टाकला, मागे दोन स्पीकर लावले. या कामाला मिस्त्री कशाला लागतो, असा माझा तोरा होता.

ही सगळी हौस तिच्यासाठी. आमच्या विहारातल्या बायकांच्या गायन मंडळात ती दहा वर्षं मागच्या रांगेत गात आली आहे. विहाराच्या वर्धापनदिनासाठी मंडळाच्या ताईंनी पहिल्यांदाच तिला एकटीला गाणं दिलं. घरी सराव करायची सोय नव्हती, कारण तिने तोंड उघडलं की शेजारचे लगेच बाल्कनीत येऊन उभे राहतात. म्हणून ठरलं, सराव गाडीत. टेपवर गाण्याचं संगीत लावायचं आणि वर्धा रोडभर गायचं.

पहिल्याच दिवशी स्पीकरमधून बारीक कुंई सुरू झाली. रेस दिली की वर चढायची, सिग्नलला गाडी थांबली की खाली यायची. मी मनात म्हटलं, अर्थिंग कमी पडतंय. आमच्याकडे कारखान्यात प्रत्येक मोटरला दोन वेगवेगळ्या अर्थिंग असतात, एक तुटली तरी दुसरी असते. बावीस वर्षं तेच केलेलं. मी टेपला एक जादा वायर काढून पुढे बॉडीला जोडली, ॲम्प्लिफायरला एक काढून मागे जोडली. आवाज वाढला. मी आणखी एक जोडली. तो आणखी वाढला. एवढं होऊनही चूक माझी असेल असं मला एकदाही वाटलं नाही.

तिकडे ती रोज गात होती आणि रोज थोडी गप्प होत होती. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी तिने गाणं मध्येच सोडलं आणि टेप बंद केला.

"मी बेसूरच आहो," ती म्हणाली. "सूर धरतो म्हटलं तर हातातून सुटून राहिला. रविवारी ताईले सांगून देईन, दुसऱ्या कोणाले द्या म्हणून."

"असं काहून म्हणून राहिली वं?"

दहा वर्षांनी मिळालेलं गाणं ती परत करायला निघाली होती, आणि मला फार वाईट वाटलं.

शनिवारी मी नाक मुठीत धरून सीताबर्डीला गेलो. तिथे गाड्यांचे टेप दुरुस्त करणारे एक म्हातारे दुकानदार आहेत. त्यांनी डिकी उघडली आणि वायरींकडे बघून हसायलाच लागले.

"एवढ्या अर्थिंगा कोणं केल्या गा?"

"केल्या एका जणानं."

"कारखान्यातला दिसते. अरे, तिथं अर्थिंग माणसाचा जीव वाचवाले राहते. इथं बारा व्होल्टले कोण मरून राहिलं? इथं सगळ्यांची अर्थिंग एकाच जागी पाहिजे. दहा जागी जोडली की इंजिनाचा करंट त्या वायरींतून फिरते अन् स्पीकरमधी येऊन बोंबलते."

मग त्यांनी मला रेस द्यायला सांगितली आणि त्या कुंईबरोबर स्वतः गुणगुणायला लागले. मी रेस वाढवली तसा त्यांचाही सूर वर सरकला. "पाह्य बरं," ते म्हणाले, "याच्यासंगं कोणी गायलं तर त्याचा सूर जागेवर राहीन का?"

बायको तीन आठवडे याच कुंईबरोबर गात होती. त्यांनी माझ्या सगळ्या जादा वायरी काढल्या, डिकीतल्या एका बोल्टाखालचा रंग खरवडला आणि टेपची व ॲम्प्लिफायरची अर्थिंग त्या एकाच बोल्टला कसली. मी पुन्हा रेस दिली. स्पीकर गप्प होता.

घरी आल्यावर गाडी दुरुस्त झाली एवढंच सांगून मोकळं होता आलं असतं. चहा उकळेपर्यंत मी तोच विचार करत होतो. मग सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तीन हप्ते मी सोताले बेसूर समजून राहिली, अन् त्या तुमच्या वायरी होत्या?"

"हो."

"अन् मी सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून राहिली होती!"

ती आपला कप घेऊन आत निघून गेली.

रविवारी तिला मंडळाच्या सरावाला विहारात सोडायला गेलो. एवढ्या मेहनतीने कुंई घालवलेला टेप, पण तिने तो लावूच दिला नाही. "ताईले काय सांगशील?" मी विचारलं. "सांगीन," म्हणाली आणि उतरली. मला आत जायचं धाडस झालं नाही. इंजिन बंद केलं, काच खाली केली आणि बसून राहिलो. बराच वेळ आतून नुसतं बायकांचं बोलणं ऐकू येत होतं.

मग पेटीचा सूर लागला आणि तिचा आवाज आला. एकटीचा. वरच्या सुरावर गेला आणि जिथे थांबायला हवा तिथेच थांबला. मला इतका आनंद झाला की मी एकट्यानेच स्टिअरिंगवर ताल धरला. कडवं संपलं आणि विहाराच्या खिडकीत तिचं डोकं दिसलं.

"बाहेर काहून बसले? आत या," ती ओरडली, "अन् इथल्या माइकच्या वायरीले हात लावू नका!"