यात तू कुठे आहेस?

डॉ. वसुधा खानझोडे यांच्या विजय नगरातील घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा माझ्या हातात चौतीस पानांचा बायोडाटा होता. स्पायरल बाइंडिंग केलेला, वर पारदर्शक प्लास्टिक. शाळेतल्या रांगोळी स्पर्धेपासून पीएच.डी.पर्यंतची सगळी प्रमाणपत्रे त्यात होती. मॅडमनी तो दोन्ही हातांवर तोलून पाहिला आणि म्हणाल्या, "वजन तर छान आहे. चलो, बस. चहा घेशील ना?"

मॅडमना पंचाहत्तरावे वर्ष लागते आहे, म्हणून हा गौरवग्रंथ निघतो आहे. माझ्यासारखीने मराठीत लेख लिहावा हे धाडसच. आमच्या शहपुऱ्याच्या घरी मराठी बोलतात, पण बाहेरचा सगळा कारभार हिंदीत, त्यामुळे ती लिहायची वेळ कुणावर येत नाही. पण मॅडमवर लिहायला नाही म्हणणार कोण?

महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून मॅडम निवृत्त झाल्या, त्यानंतर त्यांनी हे शनिवार सुरू केले. संशोधन करणाऱ्या मुलामुलींनी सकाळी यायचे आणि प्रबंधाचे प्रकरण किंवा नोकरीचा अर्ज मोठ्याने वाचायचा. समोर मॅडम, आणि शेजारी त्यांचे यजमान, आम्हा सगळ्यांचे काका. काका रिछाईच्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. वनस्पतिशास्त्राशी त्यांचा संबंध भाजीच्या पिशवीपुरता. म्हणूनच मॅडम त्यांना बसवत. काकांनी चष्मा काढला की समजायचे, त्यांना कळलेले नाही. मग तेच पुन्हा साध्या शब्दांत सांगायचे. माझ्या बायोडाटाच्या पहिल्याच पानावर काकांनी तीनदा चष्मा काढला. चौथ्यांदा तो त्यांनी घातलाच नाही.

तेव्हा माझी अवस्था वाईट होती. व्याख्यात्याच्या दोन मुलाखतींतून मी हात हलवत परतले होते. तिसऱ्या मुलाखतीचे पत्र आले होते आणि बाबांनी स्पष्ट सांगितले होते, "ही शेवटची. नाही जमलं तर भावाच्या बियाण्याच्या दुकानात बस." दुकान वाईट नव्हते हो. पण वाटाण्याची उभी रोपे वाळवणाऱ्या मर रोगाच्या संशोधनात चार हिवाळे घालवायचे आणि त्याच वाटाण्याची पाकिटे विकायची?

पुढच्या शनिवारी मी या नोकरीचा अर्ज वाचला. मार्गदर्शक सरांच्या कृपेने विषय मिळाला, सरांनी नमुने गोळा करवले, सरांच्या दृष्टीमुळे निष्कर्ष निघाले. मला तर वाटत होते, किती नम्र लिहिले आहे! काकांनी चष्मा काढला नाही, म्हणून मी खूश होते.

मॅडमनी लाल पेन्सिल उचलली आणि समासात लिहिले, ‘यात तू कुठे आहेस?’ मग म्हणाल्या, "काहून गं, सगळं सरांनीच केलं, तर तू चार हिवाळे काय करून राहिली होती? मटार सोलून राहिली होती?"

मला राग आला. मी म्हटले, "मॅडम, सरांचा मान नको का ठेवायला?"

"मान ठेवायचाच. पण त्यासाठी खोटं काहून बोलते? वाढवून सांगितलं तर खोटं असते, तसं कमी सांगितलं तरी खोटंच असते. शेतात कोण गेलं होतं?"

"मी."

"मुळं कोणी उपटली?"

"मीच."

"मग तेवढंच लिही. एक मूळ कमी नाही, एक जास्त नाही."

मी लिहिले आणि मॅडमना विचारले, सरांच्या कानावर गेले तर? त्यावर मॅडमनी जे सांगितले ते मी जन्मभर विसरणार नाही. त्या म्हणाल्या, "कानावर जायची वाट काहून पाहते? आधी त्यांनाच वाचून दाखव." आणि त्या स्वतः माझ्यासोबत आल्या. विभागाबाहेरच्या बाकावर लोकर-सुया घेऊन तासभर बसल्या, आत मात्र आल्या नाहीत. सरांनी अर्ज संपेपर्यंत ऐकला आणि म्हणाले, "अच्छा किया. पहले क्यों नहीं लिखा?" मी बाहेर येऊन रडले. मॅडमनी सुया पिशवीत टाकल्या आणि म्हणाल्या, "झालं ना? चल आता, भूक लागली."

मुलाखतीत पहिल्या दोन वेळचाच प्रश्न आला: नमुने कोणी गोळा केले? मी म्हणाले, "मैंने." मग तीन गावांची शेते सांगितली. पहिल्या हिवाळ्यात नमुने माझ्याच चुकीने सडले, तेही सांगितले आणि पुढे पद्धत कशी बदलली ते सांगितले. ती नोकरी मला लागली. आज मी तिथेच शिकवते. बाबा दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारले नसताना हे सांगतात.

मॅडम फक्त धीट करतात असा कुणाचा समज नको. पुढे एका कागदावर मी स्वतःला ‘तज्ज्ञ’ म्हणवून घेतले होते. त्याच लाल पेन्सिलीने तो शब्द असा खोडला गेला, की कागद फाटला.

आता खरी गोष्ट सांगते. या ग्रंथासाठी समितीने मॅडमकडे त्यांचा परिचय मागितला आणि टाइप करायला तो माझ्याकडे आला. अर्धे पान. महाविद्यालयाने संधी दिली, सहकाऱ्यांनी सांभाळून घेतले, यजमानांनी सोसले, विद्यार्थी मेहनती निघाले. संपले! लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरे काय? मी लाल पेन्सिल घेतली. समासात लिहिले, ‘यात तुम्ही कुठे आहात?’ आणि कागद परत पाठवला.

तीन दिवस काही नाही. मी घाबरले, आगाऊपणा झाला. चौथ्या दिवशी काकांचा फोन. "काय लिहून पाठवलंस गं? तुझी मॅडम तो कागद घेऊन बसून राहिली आहे. मी तर चष्मा काढूनच ठेवला."

मग कागद आला. मजकुरातला एक शब्दही बदललेला नव्हता. फक्त खाली, मॅडमच्या अक्षरात, एक वाक्य वाढले होते: ‘शनिवारी सकाळी मी घरी असते.’

मॅडम, येत्या शनिवारी माझी एक विद्यार्थिनी तुमच्याकडे येते आहे. तिचा बायोडाटा एक्केचाळीस पानांचा आहे. तुम्हाला आणि काकांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि तुम्ही स्वतःविषयी लिहिलेले ते एकुलते एक वाक्य खूप खूप वर्षे खरे राहो.