पोह्याचे दोन चमचे

माझं पोट दुसऱ्याचं श्रेय काढून घेण्यावर चालतं. हिंजवडीतल्या एका कचेरीत मी पेटंट तपासते. कुठल्या तरी कंपनीने दुसऱ्या कंपनीवर दावा ठोकलेला असतो, की आमचा शोध यांनी चोरला. जिच्यावर दावा लागलाय ती आमच्याकडे येते आणि म्हणते, शोध त्यांचा नाहीच, त्यांच्या आधी कुणीतरी हे केलेलं होतं, एवढं शोधून द्या. मग आम्ही जुनी मासिकं, जाहिराती, परदेशी माहितीपत्रकं उपसत बसतो. पेटंटच्या अर्जाच्या तारखेआधी जगात कुठेही, कुणीही ती वस्तू चारचौघांत वापरली असेल आणि त्याचा पुरावा मिळाला, तर पेटंट गडगडतं. मला हे काम छान जमतं, कारण मला मुळातच कुणाचं कौतुक बघवत नाही.

हे कौतुक न बघवण्याचं शिक्षण मला घरीच मिळालं. माझा भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा. मी बारावीला कॉलेजात पहिली आले त्या दिवशी याने शेजाऱ्यांचा बंद पडलेला विहिरीचा पंप चालू करून दिला. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, माझे पेढे वाटले आणि पेढे वाटताना घरोघरी पंपाची गोष्ट सांगितली. पुढे मी इंजिनियर झाले, तो बारावीला दोनदा आपटला. त्याने भुकूमला रस्त्याकडेला दुकान टाकलं. पंखे, मिक्सर, टीव्ही दुरुस्त करायचे आणि लग्नसराईत भांड्यांवर नावं घालायची. ते नावं घालायचं मशीन त्याच्या हातात असं चालतं की ताटाच्या काठावरचं अक्षर छापल्यासारखं दिसतं. माझं अक्षर शाळेपासून कोंबडीचे पाय. तेही मला खुपतं, लपवण्यात अर्थ नाही.

मग आबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. व्यायामाने बरंचसं परत आलं, फक्त उजवा अंगठा उठेना. बोटं मिटायची, अंगठा मेल्यासारखा पडून राहायचा. ज्या माणसाने तीस वर्षं ट्रॅक्टर चालवला तो खिडकीत बसून दुसऱ्यांचे ट्रॅक्टर मोजू लागला. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, बोटांना काहीतरी चाळा द्या. माझ्या डोक्यात आलं की टीव्हीवरचा खेळ आणावा. त्यात ट्रॅक्टर चालवायचा, नांगरायचं, पेरायचं, सगळं असतं. मी चार दुकानं फिरून चांगल्यातला संच आणला, त्याचा तो दोन्ही हातांत धरायचा कंट्रोलर आबांच्या हातात दिला आणि आता माझंही कौतुक होणार म्हणून समोर बसले.

सगळी महत्त्वाची बटणं अंगठ्याची निघाली. आबांनी दहा मिनिटं झटापट केली. पडद्यावरचा ट्रॅक्टर बांधावर जाऊन उलटा झाला. त्यांनी कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "माझ्या कामाचं न्हाई ह्ये." मी हसून घेतलं आणि घरी जाऊन रडले. घर म्हणजे काही लांब नाही. आमच्याच भाताच्या खाचरावर उभ्या राहिलेल्या सोसायटीत मी राहते, आबांच्या अंगणातून माझी गॅलरी दिसते.

चार दिवसांनी त्या गॅलरीत मला आबांचं हसणं ऐकू आलं. झटक्यानंतर पहिल्यांदा. जाऊन बघते तर आबा ट्रॅक्टर हाकत होते. भावाने माझा कंट्रोलर खोलला होता. पोह्याचे दोन चमचे घेऊन त्यांची तोंडं कापून टाकली होती आणि नुसते दांडे कंट्रोलरच्या पाठीला असे बसवले होते की धरताना बोटं बरोबर त्यांच्यावर यावीत. आतून तारा जोडल्या होत्या. दांडा दाबला की पुढचं बटण दाबल्यासारखं व्हायचं, सोडला की पातळ पत्रा आपोआप परत जागेवर यायचा. अंगठ्याचं काम बोटांनी उचललं होतं. आबा आल्यागेल्याला दाखवत होते, "आमच्या धाकट्यानं केलंय. डोस्कं बघा त्याचं."

तो खेळ कुणी आणला, हे कुणी विचारलं नाही. कुणीतरी विचारावं म्हणून मी बसून राहिले, चहा घेतला, उठले. त्या दिवसापासून मी त्या कंट्रोलरला हात लावला नाही. दर रविवारी समोर बसायचे, पण वस्तू हातात घ्यायची नाही. माझा आहेर आणि मान त्याचा, या एकाच गोष्टीने माझ्या पोटात इतकी वर्षं दुखतंय. पुढे मुळशीला धरणाकाठच्या एका रिसॉर्टवाल्याने त्याच्याकडून तसले तीन करून घेतले आणि पाहुण्यांच्या खेळायच्या खोलीत ठेवले. त्याचंही मला आबांच्याच तोंडून दोन महिने ऐकावं लागलं.

आणि मग, काही वर्षांनी, आमच्या कचेरीत तो दावा आला.

दोन परदेशी कंपन्या, दोघीही कंट्रोलर बनवणाऱ्या. पेटंटमध्ये 'एवढं आमचं' असं सांगणारं हक्काचं वाक्य असतं, त्याचे आम्ही तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यासमोर जुना पुरावा मांडतो. साहेबांनी भिंतीवर तक्ता लावला आणि मी वाचू लागले. दोन्ही हातांत धरायचा कंट्रोलर. त्याच्या पाठीला, बोटांखाली येणारी लांबट पट्टी. ती दाबली की वाकते, सोडली की आपल्याच ताणाने परत येते. दाबल्यावर पुढच्या बटणाचं काम होतं, अंगठा न हलवता. चार तुकडे. चारही तुकडे आमच्या घरी टीव्हीसमोर पडलेले होते.

अर्जाची तारीख बघितली. भावाचे चमचे त्याच्या आधीचे असणार हे मला मनात पक्कं ठाऊक होतं. रिसॉर्टवर ते चारचौघांत वापरले गेले होते. साहेबांनी टेबलाभोवती सगळ्यांना विचारलं, कुणाच्या पाहण्यात, ऐकण्यात असं काही आहे का, कितीही किरकोळ असलं तरी सांगा. मी पाण्याची बाटली उघडली आणि पाणी प्यायले. मला समोर दिसत होतं ते असं: भावाचं नाव परदेशातल्या कोर्टाच्या कागदावर, त्याची साक्ष, त्याचा फोटो, आणि आबा तो फोटो घेऊन गावभर. मी आयुष्यभर त्या कोर्टांचे कागद वाचणार आणि माझं नाव त्यावर कधीच नसणार. आणि हा बारावी नापास, चमचे कापून, तिथे जाऊन बसणार. मी बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि नाही म्हणून मान हलवली.

त्याच आठवड्यात भाऊच माझ्या दारात आला. आबांच्या घराच्या वरच्या खोल्या भाड्याने दिल्यात. तिथला एक आयटीवाला नवाकोरा महागडा कंट्रोलर घेऊन आला होता, पाठीला पट्ट्या असलेला. आबांचा कंट्रोलर बघून तो दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर भावाला म्हणाला होता की कॉपी झकास मारलीये. लोक हसले. भावाने सांगून बघितलं की माझं आधीचं आहे. लोक आणखी हसले. आता तो माझ्या सोफ्याच्या कडेवर, चपला हातात धरून बसला होता.

"ताई, तुझं हापिस असलंच बघतंया ना? येक कागद लिहून दे. मी आधी केलं एवढंच. मला बाकी काय नको."

आता मी सांगायला हवं होतं. मी म्हणाले, तसं नुसतं बोलून चालत नाही, पुरावा लागतो, तारीख लागते.

"तारीख घातलीया की चमच्यावर."

मला वाटलं, हा त्या चमच्यांवरच्या जुन्या नावाबद्दल बोलतोय. वास्तुशांतीला मामाने डझनभर चमचे दिले होते, प्रत्येकाच्या दांड्यावर मामाचं नाव आणि तारीख. आपल्याकडे भांड्यावरचं नाव कुणी वाचतं का? पातेलं हे पातेलं असतं, त्यावर कुठली आत्या असते ते घासणारीलाही माहीत नसतं. मी शिकलेल्या माणसाच्या आवाजात त्याला सांगितलं की भांड्यावरची तारीख कोर्टात धरत नाहीत. त्याने ते लगेच मानलं. माझं तो नेहमीच मानतो. "व्हय, त्ये बी खरंच," म्हणाला आणि दारात जाऊन चपला घातल्या. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं.

दाव्याचं पुढे काही विशेष झालं नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीला एका जुन्या परदेशी मासिकात अर्धवट जुळणारं काहीतरी सापडलं. तिला शाबासकी मिळाली, त्याचाही मला त्रास झाला. मग दोन्ही कंपन्यांनी आपसांत मिटवून टाकलं. तक्ता भिंतीवरून उतरला.

घट बसायच्या आधी आमच्याकडे सगळं घर धुऊन काढतात. माळ्यावरचं भांडंन् भांडं अंगणात येतं. त्या रविवारी मी आईबरोबर भांडी घासत होते. आबा ओसरीवर ऊन खात बसले होते आणि भाऊ दुकानातलं सामान अंगणात मांडून पुसत होता. आईने टीव्हीजवळचा कंट्रोलरही पुसायला माझ्याकडे दिला. मी राखेचे हात पुसले, नाही म्हणता आलं नाही. मी तो पालथा केला. एका दांड्यावर अक्षरं होती. बारीक, एकसारखी, छापल्यासारखी.

मामाचं नाव नव्हतं. लिहिलं होतं: "आबांना, ताईकडून." ताई या शब्दाच्या पुढे माझं नाव, लग्नाआधीचं. खाली तारीख. पेटंटच्या अर्जाच्या सव्वा वर्ष आधीची.

आईने दोनदा हाक मारली. दुसरा दांडा कोरा होता. जुनी अक्षरं पॉलिश करून काढलेली, आणि त्यावर काहीही नाही.

मी भावाला विचारलं की हे तू कधी केलंस. तो पंख्याचं पातं पुसत होता, त्याने वर पाहिलं नाही.

"बसवलं तवाच. आणलं तू व्हतंस ना. देणाराचं नाव घालत्यात भांड्यावर. घडवणाराचं कुटं घालत्यात?"

मग मी त्याला सगळं सांगितलं. कंपन्यांची नावं सोडून सगळं. तक्ता, चार तुकडे, साहेबांचा प्रश्न, पाण्याची बाटली. मला तुझा हेवा वाटतो, पंपापासून वाटतो, हेही सांगितलं. आई भांडी आपटायची थांबली. तो पातं पुसत राहिला, एकाच जागी.

"म्हंजी मी नक्कल मारली न्हवती," तो म्हणाला.

मी म्हणाले, नव्हती. पुरावा मीच गिळून बसले.

"तवाच सांगायचं व्हतंस ताई. वरचा भाडेकरू खोली सोडून गेला गेल्या महिन्यात."

त्याला कोर्ट नकोच होतं. त्याला तो एक माणूस हवा होता, आणि ती चार गिऱ्हाइकं. आता तो माणूस कुठल्या शहरात आहे हेही आम्हाला माहीत नाही. भाऊ रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. तो आत जाऊन पाणी पिऊन आला आणि दुसरं पातं उचललं.

त्याचं मशीन तिथेच अंगणात होतं. मी ते लावलं, कंट्रोलर मांडीवर पालथा धरला आणि कोऱ्या दांड्यावर त्याचं नाव घालायला घेतलं. ते मशीन हातात माशीसारखं गुणगुणतं आणि जरा दाब कमीजास्त झाला की घसरतं. नावातली तीन अक्षरं काढायला मला अर्धा तास लागला. एक अक्षर दांड्याच्या कडेवर गेलं, एकाचा काना तुटला. तारीख घातली नाही. मागाहून घातलेली तारीख म्हणजे खोटा पुरावा, एवढं तरी मी शिकले आहे. भाऊ बघत होता. हातातून मशीन घेऊन तो दोन मिनिटांत नीट करू शकला असता, पण त्याने घेतलं नाही.

घासलेली भांडी पालथी घालून झाल्यावर मी कंट्रोलर ओसरीवर नेऊन आबांना दिला. त्यांनी तो धरला आणि बोटं नेहमीच्या जागी गेली. मग थांबली. त्यांनी बोट त्या दांड्यावरून मागेपुढे फिरवलं.

"ह्ये त्याचं काम न्हाई," आबा म्हणाले.

मी म्हणाले, नाही, माझं आहे.

ते आणखी एकदा त्या खरखरीत अक्षरांवर बोट ठेवून बसले. भाऊ कानस घेऊन ओसरीच्या पायरीपाशी आला, कडा टोचत असतील तर घासून देतो म्हणाला. आबांनी कंट्रोलर त्याच्यापासून जरा लांब, स्वतःच्या पोटाशी धरला.

"असू दे," म्हणाले, आणि मला टीव्ही लावायला सांगितला.