कुरियनसाहेबांचा डबा

टिपांचे किस्से सांगायला लागलो की बायको म्हणते, "दोह्याहून पैसे कमी आणलेस आणि हेच जास्त!" खरं आहे. फुटबॉल वर्ल्ड कपच्या आधीची काही वर्षं मी तिथल्या अल थुमामा भागातल्या एका इंडियन रेस्टॉरंटचे अकाउंट्स बघायचो. जवळच स्टेडियम उभं राहत होतं, त्यामुळे दुपारी इंजिनियर लोकांची ही गर्दी!

आमचे मॅनेजर कुरियनसाहेब, केरळचे. त्यांचा नियम एकच. टिप एक रियाल असो की शंभर, काउंटरवरच्या पत्र्याच्या डब्यात जायची. गुरुवारी डबा उघडायचा, फुटलेल्या ग्लासांचे पैसे कापायचे आणि उरलेले पाचही वेटरांना सारखे वाटायचे. एकदा एका कतारी आजोबांनी खूश होऊन संतोषच्या खिशात नोट कोंबली. आजोबा बाहेर पडले मात्र, साहेबांनी ती दोन बोटांनी काढून डब्यात टाकली!

संतोष हा आमचा गुहागरचा वेटर. त्याला एका अमेरिकन इंजिनियरने विचारलं, "आमच्याकडे वेटरना टिप सरकारला कळवावी लागते, त्यावर टॅक्स भरावा लागतो. इथे किती कापतात?"

"नो टॅक्स सर. ओन्ली कुरियन!"

साहेब मागेच उभे होते.

पुढे एकदा लस्सीच्या सहा ग्लासांचा ट्रे खुद्द साहेबांच्याच हातून पडला. संतोषने अदबीने फुटीचं रजिस्टर आणलं, पेनाचं टोपण काढून दिलं. साहेबांनी स्वतःचं नाव लिहिलं, सही केली आणि गुरुवारी सहा ग्लासांचे पैसे आपल्या पाकिटातून डब्यात टाकले.

मग संतोषचं लग्न झालं. बायकोला, सुजाताला, थोडे दिवस तरी इकडे आणायचं त्याच्या फार मनात होतं, पण व्हिसासाठी पगाराच्या कागदावरचा आकडा कमी पडायचा. डब्यातली कॅश कुठल्याच कागदावर नव्हती. लोक टॅक्स चुकवायला टिप लपवतात, आणि हा पठ्ठ्या ती दाखवता येत नाही म्हणून रडकुंडीला आलेला!

कार्डावरची टिप तेवढी कंपनीतून यायची आणि पगाराच्या स्लिपवर दिसायची. झालं! गिऱ्हाइकाने नोट काढली की संतोष हात जोडून म्हणायचा, "सर, कार्ड प्लीज!" एक जण तर चिडून काहीच न ठेवता गेला.

शेवटी बाकीचे चौघे वेटर माझ्याकडे आले. "कार्डाच्या सगळ्या टिपा संतोषच्या स्लिपवर टाका. त्याच्या वाट्याची कॅश आम्ही घेऊ." मी घाबरत साहेबांकडे गेलो.

"हिसाब साफ रहेगा?"

"एकदम. सब लिखा हुआ."

"तो यल्ला, चलो!" मालकाची सहीसुद्धा त्यांनीच आणली. मला त्या दिवशी या माणसांचा फार अभिमान वाटला.

काही महिन्यांनी सुजाता आली. संतोष तिला थेट रेस्टॉरंटमध्ये घेऊन आला, टेबलावर बसवलं आणि युनिफॉर्म घालून स्वतः वाढायला लागला. "वेटर, पाणी!" असं ती म्हणाली आणि आम्ही सगळे खो खो हसलो. बिल साहेबांनी घेतलंच नाही. उठताना तिने ताटाखाली आपली पन्नास रुपयांची नोट सरकवली. "सर्व्हिस बरी आहे हो तुमची!"

संतोष लाजला. सवयीने नोट घेऊन डब्याकडे गेला.

कुरियनसाहेबांनी डब्याच्या फटीवर हात ठेवला.