फेट्यासाठी काढलेली उशी

आमच्याकडे लग्नात माणसाचा दर्जा फेट्याच्या तुऱ्यावरून ठरतो. मामांना साताऱ्यातच फेटा बांधला होता आणि तो मिरजेच्या कार्यालयापर्यंत न विस्कटता पोचवणं ही त्या दिवसाची मुख्य मोहीम होती. मामा सैन्यातून निवृत्त झालेले. मागच्या सीटवर पट्टा लावून ताठ बसले. पण सीटच्या वरची, डोक्यामागची उशी फेट्याला आडवी येत होती.

“आरं, तुरा वाकतोय. काढ ती उशी,” त्यांनी मुलाला फर्मावलं. गाडी तोच, माझा मामेभाऊ, चालवणार होता.

“आबा, ती शोभेची न्हाई.”

“मग डिकीत ठेव. तितं कोण बघतंय?”

पेठनाक्याच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडला. आम्ही थांबलो. मागून आलेला पिकअप थांबला नाही. गाडी फार चेपलीसुद्धा नाही. पुढे बसलेल्या आम्हा दोघांची डोकी उशांवर आदळली, एवढंच. मागून मात्र काहीच आवाज येईना. वळून पाहिलं, तर फेटा मागच्या काचेपाशी पडलेला आणि मामा छताकडे बघत होते.

“मामा?”

“डाव्या हाताला मुंग्या आल्यात रं.”

“बोटं हलवा.”

“हलवतोय की.”

बोटं हलत नव्हती.

मी मागे जाऊन त्यांचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. डोकं इतकं जड असतं हे मला माहीत नव्हतं. बाहेर जमलेल्यांपैकी एक जण सांगत होता, “उठवून बसवा, पाणी पाजा.” मी त्याच्यावर असा ओरडलो की माझाच आवाज मला ओळखू येईना. अँब्युलन्स येईपर्यंत मी तळवे हलवले नाहीत.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “मागे उशी नव्हती?” “डिकीत हाय,” मामेभाऊ म्हणाला. मग त्यांनी सांगितलं. मागून धक्का बसला की सीट पाठीला पुढे लोटते, डोकं मात्र मागेच राहतं आणि मान झटकन मागे वाकते. उशी माथ्याइतकी उंच आणि डोक्याच्या अगदी जवळ असली, तर डोकं धडाबरोबरच पुढे जातं. मामेभाऊ भिंतीकडे तोंड करून ऐकत होता.

हाड शाबूत होतं, नस दुखावली होती. हाताचं आत्ताच सांगता येणार नाही, असं म्हणून डॉक्टर गेले.

मामांच्या मानेला आधाराचा पट्टा होता. मी त्यांचा डावा हात हातात घेतला.

“दाबा.”

काहीतरी जाणवलं. पण दाब त्यांचा की माझाच, कळेना.

“परत दाबा.”

या वेळी नख रुतलं, अगदी हलकंसं.

“आरं, किती येळा?” मामा वैतागले.

“अजून एकदा,” मी म्हणालो.