जागा वाढवायची

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. केजहून बीडला निघालेल्या जीपमध्ये ती शेजारी बसली होती. मांडीवर लॅपटॉप, आणि सारखी कपाळावर हात मारून घेत होती.

"काय झालं गं पोरी?"

"काका, कॉम्प्युटरच्या सी भाषेतलं हे फंक्शन लई वांड हाय. दिलेल्या जागेत नावाची मावतील तेवढीच अक्षरं लिहितं, आन् आकडा मात्र अख्ख्या नावातल्या अक्षरांचा सांगतं. मी येडी, तेवढी अक्षरं लिहिली असंच समजले. आता नावापुढं कचरा छापतंय."

"मग?"

"आकडा जागेपेक्षा मोठा आला, की जागा वाढवायची. बस्स."

पुढच्या फाट्यावर एका म्हातारीनं हात केला. ड्रायव्हर म्हणाला, "जागा न्हाई, मावशे."

पोरीनं लॅपटॉप मिटला, खिडकीला चिकटली आणि मला कोपरानं ढोसलं.

"काका, सरका की!"