आत्याने मागे घेतलेलं मत

आमच्या आत्याने आयुष्यभर पाळकांचे झगे शिवले. माप घेताना ती प्रत्येकाला गुडघ्यावर बसवायची. पाळकपदाची दीक्षा घ्यायला गुडघे टेकताना झगा पायात अडकून पाळकबुवा तोंडावर आपटले, तर नाव शिंपिणीचंच खराब होणार! कुणाचं पोट कोणत्या वर्षी सुटलं, हे तिला तोंडपाठ होतं.

एवढ्या थोरामोठ्यांना गुडघ्यावर बसवणारी ही बाई घाबरायची ती फक्त माझ्या बाबांना. ते तिच्याहून तीन वर्षांनी धाकटे, पण चर्चच्या मंडळीचे पंच, आणि त्यांनी साधं मीठ मागितलं तरी प्रवचन दिल्यासारखं वाटायचं. नवरा गेल्यापासून आत्या आमच्याकडेच राहायची.

चर्चमधल्या मुलांच्या वर्गात तिने शिकवलेला एक उंचच उंच मुलगा, आमचा लंबू, मोठा होऊन धर्मशास्त्र शिकला आणि इस्पितळात आजाऱ्यांजवळ बसून त्यांना धीर देऊ लागला. पाळकपदाच्या मुलाखतीत त्याने आपणहून सांगून टाकलं, की तो ज्याच्यासोबत राहतो तो नुसता मित्र नाही, आयुष्याचा जोडीदार आहे. झालं! अशा माणसाला दीक्षा द्यायची का, यावर मंडळीची सभा बसली. बाबांनी घरातून निघतानाच आत्याला बजावलं होतं. मतदान हात वर करून. बाबांचा हात विरोधात वर गेला, त्यापाठोपाठ तिचाही. ठराव पडला.

लंबू मात्र पूर्वीसारखाच दर शनिवारी येत राहिला. आत्याची नजर अधू झाली होती, म्हणून आठवडाभर पुरतील एवढ्या सुयांत तो दोरा ओवून ठेवायचा. दोन वर्षं आत्या त्याच सुयांनी शिवत होती आणि आतल्या आत झुरत होती. मला दिसत होतं, पण मीही गप्प बसले. घरात शांतता हवी होती ना मला.

ठराव पुन्हा सभेपुढे येणार होता. त्याच्या आदल्या शनिवारी तिला राहवलं नाही.

“मागच्या वेळी माझा हात तुझ्याविरुद्ध होता रे.”

“माहीत आहे, आत्या. मी शेवटच्या बाकावरच बसलो होतो.”

“आणि तरी येत राहिलास?”

“मग? तुला सुईचं भोक कुठे दिसतं?”

आत्या घळाघळा रडली. मी आत जाऊन उगाचच भांडी घासत बसले.

सभेत एकाने शास्त्रातली वचनं वाचली, दुसऱ्याने त्याच शास्त्रातली दुसरी. बाबा अर्धा तास बोलले. ते दुष्ट नाहीत. त्यांना खरोखर भीती वाटते, की एक वीट काढली तर सगळी भिंत खाली येईल. ते बसले, आणि आत्या उठली.

“मागच्या सभेत मी विरोधात मत दिलं होतं. ते मला मागे घ्यायचंय.”

बिशप नरमाईने म्हणाले, “बाई, दिलेलं मत मागे घेता येत नाही. तसा नियम नाही.”

“नसू दे. लिहून तरी घ्या. तोवर मी उभी आहे.”

शेवटी चिटणिसांनी लिहून घेतलं. बाबा आपल्या बुटांकडे बघत राहिले.

ठराव नऊ मतांनी पडला.

बाहेर बाबांनी तिच्याकडे न बघताच गाडीचं दार उघडून धरलं. “तू हो पुढे, मी येते मागून,” ती म्हणाली. तेवढ्यात लंबू पायऱ्या उतरून आला.

“हरलो रे,” आत्या म्हणाली. “माझ्या एका हाताने काय होणार होतं!”

“मागच्या वेळी इथून मी एकटाच घरी गेलो होतो, आत्या.”

तिने त्याचा दंड धरला आणि चालू लागली. त्याच्या घरी ती कधीच गेली नव्हती. तिची पिशवी घेऊन मी मागे.

दार जोडीदाराने उघडलं. आमचे चेहरे बघून त्याला निकाल कळला. अनोळखी म्हातारीकडे तो जरा बिचकूनच पाहत होता.

“मी याची आत्या,” ती म्हणाली. “यायला उशीर झाला, बाळा. आत घेशील ना मला?”