दोरीवरची मावशी

"मले काय विचारतं? दोरीले विचार," असं ती म्हणायची आणि दोरीची दोन्ही टोकं माझ्यापुढे अशी धरायची, की दोरी आता घसा खाकरून बोलायलाच लागेल.

मोताळ्याच्या एका खरादी मिस्त्रीची ती बायको. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. गावात वीज यायची होती, म्हणून खराद हातानेच चालायची. तुम्ही ती पाहिली नसेल तर सांगतो. दोन खुंटांच्या मधे आडवी फिरणारी लाकडी लाट, लाटेच्या तोंडाला घट्ट बसवलेला लाकडाचा गोल ठोकळा, आणि लाटेला दोरीचे दोन वेढे. दोरीची टोकं हातात धरून एक माणूस बसतो. उजवं टोक ओढलं की ठोकळा पुढे फिरतो, डावं ओढलं की मागे. पुढे फिरताना मिस्त्रीने हत्यार टेकवायचं, मागे फिरताना उचलायचं. बाजाराच्या दिवशी लोक उभे राहून मिस्त्रीचा हात बघत. दोरी ओढणाऱ्या बाईकडे कोणी बघत नसे. पहिले काही महिने मीही बघितलं नाही.

मी साताऱ्याकडचा. सहावीत शाळा सुटली. मामा मोताळ्याच्या कापसाच्या जिनात कामाला होता, त्याने मला एकोणिसाव्या वर्षी मिस्त्रीकडे आणून ठेवलं. वर्षभरात मामाचंच काम सुटलं आणि तो गावी निघून गेला. मी राहिलो. गावी थोरल्या भावाचा संसार मांडला गेला होता. परत गेलो तर अंथरूण कुठे घालायचं हाही प्रश्नच होता. त्यामुळे मी सतत धास्तावलेला असे. ठोकळे तासत होतो, भुसा भरत होतो, आणि कोणी हाक मारली की आधी दचकत होतो.

पहिल्या दिवशी मी तिला 'बाई' म्हणालो.

"बाई शायेत असते," ती म्हणाली. "तिले तर सोडून आला ना तू? मंग मले मावशी म्हन."

जेवताना मी हात आखडता घ्यायचो. आपला भार नको, एवढंच मनात. तिने चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी माझ्या ताटात न विचारता तिसरी भाकरी टाकली. "अर्ध्या पोटाचा मानूस दोरी बी अर्धीच वढते. खाय गुमान."

नवरा-बायको कामाच्या वेळी एक शब्द बोलत नसत. भांडण मात्र दोरीवरून चालायचं. ती रागावली असली की दोरीला असे हिसके बसत, की वाटीवर नांगरटीसारखे वळ उठायचे. एकदा एका गिऱ्हाइकाने वाटीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मिस्त्री, घरी काही झालं का?" म्हणून मोठं काम लावायच्या आदल्या दिवशी मिस्त्री तिच्याशी फार गोड बोलायचा. तिलाही ते कळायचं. मला डोळ्याने खुणावून म्हणायची, "उद्या काठवट लावून राह्यला वाटते."

काठवट म्हणजे पीठ मळायचं खोल लाकडी भांडं. ती नुसती कोरली तर आतलं सगळं लाकूड भुशात जातं. मिस्त्रीला ते पटत नसे. तो एका ठोकळ्यातून तीन भांडी काढायचा. वाकड्या टोकाचं लांब हत्यार आत घालून आधी मधोमध धाकटी वाटी सोडवायची, मग तिच्याभोवतीची मधली, शेवटी उरते ती मोठी काठवट. तिघी एकीच्या पोटात एक बसायच्या. अडचण एकच. हत्याराचं टोक लाकडाच्या आत असतं, दिसत नाही. आतलं भांडं बोटभर देठावर राहिलं की थांबायचं आणि पाचर मारून सोडवायचं. थोडं जास्त गेलं तर काठवटीच्या बुडाला भोक.

मी पहिल्यांदा हत्यार धरलं तेव्हा मोठ्या उत्साहाने आत गेलो आणि बुडाच्या कडेने उजेड आला. मिस्त्रीने काठवट उचलली, भोकाला डोळा लावला आणि त्यातून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

मावशी दोरी गुंडाळत म्हणाली, "अजून दोन भोकं पाड. चाडं होते."

चाडं म्हणजे पेरणीच्या तिफणीवरचं लाकडी पात्र. त्याच्या तीन भोकांतून बी खाली पडतं. मिस्त्रीला हसू आवरेना, आणि माझं त्या दिवसाचं मरण टळलं. पण भोकं काही थांबली नाहीत. तिने एकही भांडं चुलीत घातलं नाही. एकाखाली कोंबडीची पिल्लं झाकली, एकात लसूण टांगला, एक उपडं घालून शेजारणीला बसायला दिलं. कोणी विचारलं तर म्हणायची, "आमच्या साताऱ्याचं काम हाये. पानी टिकत नाई, बाकी सारं टिकते."

मग विजेचे खांब रस्त्याने गावापर्यंत आले. मिस्त्रीने मोटर सांगितली आणि मला समोर बसवलं.

"पाय बे, मोटर आली की दोरीवर मानूस लागत नाई, अन् ठोकळे तासाले मी एकटा पुरतो. हात बसलेला गडी मले पायजे. मोटर यायच्या आंधी एका ठोकळ्यातून तीन भांडे काढ, बिनभोकाचे. नाई जमलं तर तुले तुह्या गावी पाठवतो. रागानं नाई सांगून राह्यलो."

त्या रात्री मी गावी पाठवायचं पोस्टकार्ड लिहायला घेतलं आणि 'तीर्थरूप' लिहून थांबलो.

सकाळी मावशीने माझ्या हातातलं हत्यार काढून घेतलं. "कापनं मागून शिक. आंधी वढ."

पंधरा दिवस मी दोरी ओढली. मिस्त्री कापत होता, ती माझ्या मागे बसून तूर निवडत होती. "डोये मिट," म्हणायची. डोळे मिटल्यावर मला कळलं, ती इतकी वर्षं काय धरून बसली होती ते. हत्यार भरीव लाकडात असलं की दोरी जड, जातं ओढल्यासारखी. देठ बारीक झाला की ती हलकी होते आणि तळव्यात बारीकशी थरथर येते, मुठीत नाकतोडा धरल्यासारखी. एकदा मी न राहवून ओरडलो, "थांबा!" मिस्त्री चिडून थांबला. हत्यार काढून काडी घालून पाहिली. देठ बोटभर होता. त्याने माझ्याकडे न बघता बायकोकडे पाहिलं. ती तूर निवडत होती.

मोटर येण्याच्या आदल्या दिवशी शिवणीच्या लाकडाचा ठोकळा लावला. हत्यार माझ्याकडे, दोरी तिच्याकडे. धाकटी सुटली. मग मधलीची पाळी. मिस्त्री कापत असताना अशा वेळी धोका जाणवला की ती आपणहून दोरी सैल सोडायची. त्या दिवशी तिने मान फिरवली आणि शेजारणीशी गप्पा सुरू केल्या. सुलतानपूरला तिची लेक दिलेली, तिला दिवस गेले होते. "पोरीकडे एक रातीच्या वर मी कधी राह्यलो नाई माय. मी गेलो की खराद बंद," असं सांगत होती आणि दोरी एका लयीत ओढत होती. इकडच्या बायका स्वतःला 'राह्यलो, गेलो' म्हणतात, त्याची मला आता सवय झाली होती. ती थांबवणार नाही, हेही मला तेव्हाच कळलं. भोक पडलं असतं तरी ती ओढतच राहिली असती.

हत्याराच्या दांड्यातून ती थरथर माझ्या मनगटात आली.

"मावशी, थांबा."

"हाव," ती म्हणाली, आणि थांबली.

पाचर मारली. मधली सुटली. मिस्त्रीने काठवट पाण्याने काठोकाठ भरून दगडावर ठेवली आणि आम्ही तिघं तिच्याभोवती बसलो, आजारी माणसाजवळ बसावं तसे. चहा झाला. दगड कोरडाच होता. मिस्त्रीने पाणी ओतून दिलं आणि उठला. "उद्या मोटरीपाशी लवकर ये," एवढंच बोलला. ते कार्ड मी भावाला खुशाली कळवायला वापरलं.

मोटर बसल्यावर तिसऱ्या दिवशी मावशी सुलतानपूरला निघाली. एसटीच्या खिडकीत बसून मिस्त्रीला म्हणाली, "वाट पाहू नोका. मी आता राहून येईन." ती खरंच राहिली. बाळंतपण, बारसं, मग नातू मान धरेपर्यंत, मग बसेपर्यंत.

ती गेली त्या दुपारी मिस्त्री मोठी काठवट कापत होता. मोटर एकाच आवाजात घोंघावत होती. मधेच त्याने ती बंद केली आणि हत्यार तसंच आत धरून समोर बघत विचारलं, "किती राह्यलं?"

समोर मावशीच्या जागी कोणी नव्हतं. मी उठलो, मोटरीचा पट्टा उतरवला, लाटेवर दोन्ही हात ठेवले आणि डोळे मिटून ती हळूहळू पुढे-मागे फिरवली.

"बोटभर," मी म्हणालो.

त्याने काडी घालून पाहिलं नाही. पाचरीसाठी हात पुढे केला.